क्रिएटिनिन १.१ वरून ४.६ झालं: डायलिसिस लागेल का, आणि लागलं तर कायमचं का?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. (क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा. किडनी थकली की रक्तात त्याचा आकडा चढतो.) वडील ६३ वर्षांचे, वजन ७० किलो, राहायला कळव्यात. १२ वर्षांपासून मधुमेह आणि बीपी. रोजच्या गोळ्यांमध्ये टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली बीपीची गोळी, शिवाय मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मागच्या आठवड्यात ताप, जुलाब आणि अंगदुखी झाली, केमिस्टकडून डायक्लोफेनॅक आणून चार दिवस दोन-दोन गोळ्या घेतल्या. मग चक्कर, लघवी कमी, आणि ठाण्यात हॉस्पिटलमध्ये भरती. जानेवारीत क्रिएटिनिन १.१ होतं, भरतीच्या दिवशी ३.२, दुसऱ्या दिवशी ४.६. पोटॅशियम ५.९, युरिया १४२, चोवीस तासांत लघवी ३८० मिली. सोनोग्राफीत किडन्या नेहमीच्या आकाराच्या. डॉक्टर म्हणतात डायलिसिस लागू शकतं. मामा म्हणतात एकदा मशीनला लावलं की सुटका नाही, त्यापेक्षा मुंबईला हलवा.

मी वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे पलंगाशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा समजा. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बरंच काही सांगता येतं. तुम्ही विचारलंय डायलिसिसबद्दल, पण खरा प्रश्न वेगळा आहे: किडनीला मार कशाचा बसला, तो थांबला का, आणि पुढचे काही दिवस तिला दुसरा मार बसू द्यायचा नाही हे कोण बघतंय? डायलिसिसचा निर्णय त्यानंतर येतो, आणि बहुतेक वेळा तो आपोआप स्पष्ट होतो.

सुरुवात जानेवारीच्या रिपोर्टपासून करू, कारण तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. जुना आकडा नसता तर '४.६ हे आजचं की दोन वर्षांपासूनचं' यावरच दोन दिवस गेले असते. तो कागद फाइलच्या सगळ्यात वर लावा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना स्वतःहून दाखवा. केडिगो या किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या निकषांनुसार ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी दर किलोमागे तासाला ०.५ मिलीपेक्षा कमी झाली, तर त्याला किडनीला अचानक झालेली इजा म्हणतात. तिसरी, म्हणजे सगळ्यात गंभीर पायरी कधी? क्रिएटिनिन मूळच्या तिपटीवर किंवा ४ च्या वर गेलं, किंवा २४ तास लघवी ०.३ च्या खाली राहिली की. वडिलांचं क्रिएटिनिन चौपट झालंय, आणि ३८० मिली म्हणजे हिशेबाने ०.२३. दोन्ही बाजूंनी तिसरी पायरी. डॉक्टर उगाच घाबरवत नाहीयेत.

आत्ताच्या ४.६ च्या रिपोर्टवर खाली ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा सूत्राने काढलेला अंदाज, १३-१४ असा छापलेला असेल आणि पुढे 'स्टेज ५'. त्याकडे आत्ता बघू नका. ते सूत्र क्रिएटिनिन स्थिर असेल तेव्हासाठी आहे. रोज बदलणाऱ्या आकड्यावर ते लावलं की उत्तर चुकतं, आणि दोन्ही दिशांनी चुकतं. किडनी पूर्ण थांबली तर क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ ने चढतं. वडिलांचं एका दिवसात १.४ ने चढलं, म्हणजे या घडीला किडनी जवळजवळ काहीच गाळत नाहीये. उलट, ती सावरायला लागली तरी आकडा एक-दोन दिवस चढतच राहतो किंवा अडकून बसतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत माझी नजर क्रिएटिनिनपेक्षा लघवीच्या चार्टवर जास्त असते.

आणखी एक गोंधळ आधीच टाळा. काही लॅब 'युरिया' देतात, काही 'बीयूएन', म्हणजे त्याच युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. तुमचा युरिया १४२ म्हणजे बीयूएन ६६. लॅब बदलली आणि १४२ चा ७० झाला म्हणून नातेवाईक पेढे वाटायला निघतात, पण आकडा जिथल्या तिथेच असतो.

आता कारण. या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा असं मला वाटतं. बिल्डिंगच्या टाकीत पाणी नसेल तर नळाला येत नाही, नळ खराब असेल तर येत नाही, आणि मोरीचा पाइप तुंबला असेल तर पाणी मागे साचतं. किडनीचंही तसंच तीन ठिकाणी बघायचं असतं: तिच्याकडे रक्त पुरेसं पोचतंय का, ती स्वतः दुखावली आहे का, आणि लघवीला पुढे वाट आहे का.

वाटेचा प्रश्न सगळ्यात आधी निकालात काढायचा, कारण तो सगळ्यात सोपा सुटतो. साठीच्या पुढच्या पुरुषात प्रोस्टेटमुळे मूत्राशय तुडुंब भरलेलं असू शकतं आणि थेंब-थेंब लघवी होत असते. सोनोग्राफीत किडनीला सूज आहे का आणि लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते, हे दोन्ही लिहिलेलं असायला हवं. लिहिलेलं नसेल तर विचारा. लघवीची नळी घातलेली असताना लघवी एकदम शून्य झाली तर घाबरण्याआधी नर्सना नळी तपासायला सांगा. ती पिळवटलेली, पायाखाली दबलेली किंवा रक्ताच्या गाठीने बंद झालेली असते, आणि ती मोकळी केली की पिशवी भरते.

रक्तपुरवठ्याचा भाग तुमच्या वडिलांमध्ये जवळजवळ नक्की आहे. किडनीच्या प्रत्येक चाळणीला रक्त आत आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं की किडनी आतली वाहिनी रुंद करते आणि बाहेरची आवळते, म्हणजे चाळणीतला दाब टिकतो. आतली रुंद ठेवायला प्रोस्टाग्लँडिन लागतं, ते डायक्लोफेनॅकने बंद होतं. बाहेरची आवळायला अँजिओटेन्सिन लागतं, ते टेल्मिसार्टनने अडतं. वरून हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ-पाणी काढतच असतं. म्हणजे किडनीची बचावाची दोन्ही दारं बंद आणि पाण्याची गळती चालू. यातली एकेक गोळी वर्षानुवर्षं घेऊन काही झालेलं नसतं. तिन्ही एकत्र, त्यात जुलाब, आणि चार दिवस पुरतात. हे जितक्या लवकर ओळखलं जातं तितकं चांगलं, कारण या टप्प्यावर किडनीच्या पेशी जिवंत असतात आणि पाणी मिळालं की दोन-तीन दिवसांत आकडा उतरतो.

पण रक्त कमी पडणं लांबलं की किडनीच्या सूक्ष्म नळ्यांच्या पेशी गळून पडतात. तिथे नुसतं सलाईन देऊन भागत नाही, पेशी पुन्हा उगवायला वेळ द्यावा लागतो. या दोन अवस्था वेगळ्या कशा ओळखायच्या? सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी म्हणजे ताजी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. नमुना घेतल्यावर तास-दोन तासांत, जाणकार माणसाने. मातकट तपकिरी रंगाचे दंडगोल (किडनीच्या नळ्यांच्या साच्यात तयार झालेले तुकडे) दिसले तर पेशी गळल्या आहेत. तांबड्या पेशींचे दंडगोल दिसले तर चाळणीचीच जळजळ आहे आणि सगळा मामला बदलतो. मग एएनसीए, एएनए, सी३, सी४ या रक्ततपासण्या आणि बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, तेही घाईने. लघवी तपासायच्या पट्टीवर 'रक्त ३+' पण सूक्ष्मदर्शकात तांबड्या पेशीच नाहीत, तर स्नायू विरघळलेत किंवा रक्तपेशी फुटल्यात असं समजून लगेच सीपीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी, मागवायची. लघवीतलं सोडियम २० च्या खाली असेल तर किडनी पाणी धरून ठेवायची धडपड करतेय, पण वडील लघवीची गोळी घेत असल्याने तो आकडा फसवू शकतो. अशा वेळी युरियाचा हिशेब जास्त कामाचा: लघवीतला युरिया गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले रक्तातला युरिया गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन, आणि त्याला १०० ने गुणा. ३५ च्या खाली आलं तर पाण्याची कमतरता, ५० च्या वर तर नळ्यांची इजा. मधलं उत्तर आलं तर दोन्ही थोडं थोडं आहे असं धरा.

आणि ताप. जुलै महिना, ठाणे-नवी मुंबई, ताप आणि लघवी कमी, हे एकत्र आलं की 'जुलाबाने पाणी कमी झालं' एवढ्यावर थांबायचं नाही. स्टेशनबाहेर, तबेल्यांच्या आसपास किंवा नाल्याकाठी साचलेल्या पाण्यातून चालणं झालं असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) डोक्यात हवा. लाल डोळे, पोटऱ्या दाबल्यावर असह्य दुखणं, कावीळ, प्लेटलेट कमी, सीपीके वाढलेलं, ही त्याची लक्षणं. लेप्टोमध्ये क्रिएटिनिन वाढूनही पोटॅशियम बरेचदा कमी किंवा नॉर्मल असतं, पण वडील टेल्मिसार्टनवर होते, म्हणून ५.९ दिसलं एवढ्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही. लेप्टोची आयजीएम (अँटिबॉडी) टेस्ट पहिल्या पाच-सात दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे संशय पक्का असेल तर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात. सेफ्ट्रिॲक्सोन किंवा डॉक्सिसायक्लिन, दोन्हींना किडनीसाठी डोस कमी करावा लागत नाही. मलेरियाची स्मिअर आणि रॅपिड टेस्ट, डेंग्यूचं एनएस१, रक्ताचं कल्चर, बिलिरुबिन, हे झालंय का ते विचारा. अंगावर कुठे काळी खपली असेल तर स्क्रब टायफसही बघावा लागतो. पालघर-शहापूरकडे जाऊन आले असतील तर तेही सांगा.

डॉक्टरांनी विचारलं नसेल तरी त्यांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट: घरगुती आणि 'आयुर्वेदिक म्हणून' घेतलेलं सगळं. भस्मं, वैदूची पुडी, गुडघ्याचं चूर्ण, शुगरसाठी बिंबलीचा रस. बिंबलीत आणि कमरखात ऑक्झलेट इतकं असतं की उपाशीपोटी घेतलेल्या रसाने किडनीत स्फटिक साचून ती बंद पडू शकते. लोक हे लपवत नाहीत, त्याला औषध समजत नाहीत म्हणून सांगायचं राहून जातं.

उपचाराचा पहिला भाग म्हणजे बंद करणं. डायक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड, मेटफॉर्मिन, चारही आजच बंद असायला हवीत. मेटफॉर्मिन किडनीला मारत नाही, पण किडनी बंद असताना ते अंगात साठतं आणि रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढतं. म्हणून एबीजी (धमनीच्या रक्तातलं आम्ल आणि वायू मोजणारी तपासणी) आणि लॅक्टेट एकदा झालेलं हवं. ग्लिमेपिराइडही बंद, कारण किडनी बंद असताना त्याचा असर लांबतो आणि पहाटे साखर ४० पर्यंत खाली येते. इन्सुलिनही याच कारणाने जास्त वेळ टिकतं, त्यामुळे त्याच्या जागी इन्सुलिन दिलं तर नेहमीच्या डोसने देऊन चालत नाही. पायांच्या मुंग्यांसाठी प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असेल, किंवा कंबरेसाठी बॅक्लोफेन, तर तेही सांगा. किडनी बंद असताना ही औषधं साठून माणूस झोपाळू होतो, बरळतो, हातपाय झटके देतात, आणि मग 'युरिया डोक्यात गेला' म्हणून डायलिसिस होतं. अँटिबायोटिक अमिकासिन असेल तर ते किडनीला मारक असल्याने दुसरं काही चालेल का हे विचारणं रास्त आहे.

दुसरा भाग सलाईन, आणि इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. अंगात पाणी कमी आहे असं तपासणीत दिसत असेल तर ५०० मिली रिंगर लॅक्टेट किंवा तत्सम सलाईन १५ ते ३० मिनिटांत द्यायचं आणि पुन्हा तपासायचं: नाडी, बीपी, फुप्फुसाच्या तळाशी खरखर, लघवी. गरज असेल तर पुन्हा. रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम लिटरला जेमतेम ४ असतं, त्यामुळे 'पोटॅशियम वाढलंय म्हणून आरएल (रिंगर लॅक्टेट) नको' हे बरोबर नाही. पण अंगात पाणी पुरेसं झालं, बीपी सुधारलं आणि तरी लघवी येत नाही, तर तिथे थांबायचं. 'लघवी होत नाही म्हणून अजून एक बाटली' या वाटेने माणूस फुप्फुसात पाणी भरून व्हेंटिलेटरवर जातो, आणि पाण्याने फुगलेली किडनी आणखीच उशिरा सावरते. त्यानंतरचा हिशेब असा: काल जेवढी लघवी झाली तेवढं अधिक साधारण ५०० मिली, ताप असेल तर थोडं जास्त. वडिलांसाठी आत्ता तो सुमारे ९०० मिली होतो, आणि त्यात पाणी, चहा, सूप, अँटिबायोटिक ज्या बाटलीतून जातं ती, सगळं धरायचं. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करायला सांगा. चार्ट चुकतो, वजन खोटं बोलत नाही.

लघवी वाढवणारं फ्रुसेमाइडचं इंजेक्शन किडनी सुधारत नाही. अंगात जास्त झालेलं पाणी काढायला ते उपयोगी आहे, तेवढंच. त्याचा आणखी एक उपयोग मात्र मी आवर्जून करते: पाणी पुरेसं झालेल्या रुग्णाला किलोमागे १ मिलिग्रॅम, आधीपासून फ्रुसेमाइड चालू असेल तर १.५, असा एकच डोस द्यायचा आणि दोन तासांत २०० मिली लघवी होते का बघायचं. झाली तर बरेचदा डायलिसिसशिवाय निभावतं. नाही झाली तर तयारी ठेवायची.

तिसरा भाग पोटॅशियम. ५.९ ला आजच ईसीजी हवा आणि चार-सहा तासांनी पुन्हा रक्त हवं. सुई टोचताना रक्तपेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढलेला येतो, पण तसं गृहीत धरून बसायचं नाही. ६.५ च्या वर गेलं किंवा ईसीजीत टोकदार उंच टी लाटा, रुंद झालेला क्यूआरएस (हृदयाच्या ठोक्याची मुख्य लाट) दिसला तर आधी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली शिरेतून सावकाश. ते पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला अर्धा-एक तास सांभाळतं. मग साधं इन्सुलिन १० युनिट आणि सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, शिवाय साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन. याने पोटॅशियम काही तास पेशींच्या आत जातं, अंगाबाहेर जात नाही. नंतर सहा तास दर तासाला साखर तपासायची. तुमच्या वडिलांच्या अंगात ग्लिमेपिराइड अजून शिल्लक असेल, त्यामुळे ही तपासणी सोडायचीच नाही. अंगाबाहेर काढायला तीनच वाटा: लघवी, पोटॅशियम बांधून शौचावाटे नेणारी पावडर, किंवा डायलिसिस.

इथे घरच्यांचं काम सुरू होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. एका शहाळ्याच्या पाण्यात अर्धा ग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटॅशियम असतं. मोसंबीचा रस, केळं, टोमॅटो सूप, बटाटा, आणि बीपीसाठी म्हणून आणलेलं 'लो सोडियम' मीठ, ज्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, हे सगळं सध्या नको. पोटॅशियम उतरेपर्यंत ओआरएसही डॉक्टरांना विचारूनच. पण उपाशी ठेवू नका. 'किडनी म्हणजे डाळ बंद' म्हणून लोक आजाऱ्याला आठवडाभर साबुदाण्याच्या पेजेवर ठेवतात आणि तो स्नायू गमावतो. डायलिसिस नसताना किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे वडिलांना दिवसाला ५६ ते ७० ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं तर त्याहून जास्त. भात, पोळी, मुगाचं पातळ वरण, अंड्याचा पांढरा भाग, थोडं पनीर. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं.

आता डायलिसिस. क्रिएटिनिनच्या कुठल्याही एका आकड्यावर ते करायचं नसतं. करावं लागतं ते औषधांनी न उतरणारं पोटॅशियम, रक्तातलं आम्ल वाढून पीएच ७.१५ च्या आसपास किंवा खाली जाणं, फुप्फुसात पाणी आणि लघवी नाही, युरियामुळे गुंगी, झटके, हृदयाच्या आवरणाला सूज, यापैकी काही झालं की. यातलं काहीही आलं तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. त्या क्षणी नाही म्हणणं जिवावर बेततं.

यातलं काही नसेल तर थांबता येतं, आणि थांबण्याला भक्कम आधार आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टार्ट-एकेआय या १५ देशांतल्या, जवळपास ३००० अत्यवस्थ रुग्णांच्या अभ्यासात लवकर डायलिसिस सुरू केलेल्या आणि गरज पडल्यावरच सुरू केलेल्या दोन्ही गटांत ९० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण सारखंच होतं. पण वाचलेल्यांपैकी ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर असलेले लवकर गटात १०.४ टक्के होते, दुसऱ्या गटात ६ टक्के. म्हणजे उगाच घाई नको. मात्र वाट बघण्यालाही टोक आहे. बीयूएन ११२ च्या, म्हणजे युरिया २४० च्या पुढे गेल्यावरही ताणत राहण्यातून फायदा झालेला नाही, उलट नुकसानाची शक्यता दिसली. वडिलांचा युरिया १४२ आहे. श्वास नीट, शुद्ध नीट, पोटॅशियम उतरतंय असं असेल तर २४ तास वाट बघणं योग्य वाटतं. पोटॅशियम चढत असेल तर आज रात्रीच करणं योग्य.

मामांच्या म्हणण्यावर नीट उत्तर देते, कारण या भीतीपायी घरं सही करायला नकार देतात आणि माणूस गमावतात. आपल्या आजूबाजूला आपण ज्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाताना बघतो, त्यांची किडनी वर्षानुवर्षं झिजून आधीच संपलेली असते. ते डायलिसिसवर आहेत कारण किडनी गेली. डायलिसिस केलं म्हणून किडनी गेली असं नाही. तुमच्या वडिलांची जानेवारीत चालू होती. त्यांच्यासाठी मशीन म्हणजे किडनी सावरेपर्यंतचे दिवस काढणं. काहींना दोन-तीनदा लागतं, काहींना तीन-चार आठवडे, आणि थोड्यांची किडनी परत येत नाही. मधुमेह १२ वर्षांचा आहे, त्यामुळे कोणीही शंभर टक्के हमी देऊ शकत नाही. पण जानेवारीचं १.१ आणि नेहमीच्या आकाराच्या किडन्या या दोन गोष्टी त्यांच्या बाजूने आहेत. मधुमेहात झिजलेली किडनीही सोनोग्राफीत नेहमीच्या आकाराची दिसू शकते, म्हणून जानेवारीत लघवीत प्रथिनं तपासली होती का तेही शोधा.

डायलिसिस ठरलंच तर विचारायच्या गोष्टी. नळी मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेत घालणं सगळ्यात बरं, ती जमली नाही तर जांघेत. गळपट्टीच्या हाडाखालची शीर टाळायची, ती पुढे आकसते. पहिली पाळी छोटी, साधारण दोन तासांची आणि कमी वेगाची हवी, नाहीतर युरिया एकदम उतरून मेंदूला सूज येते. आणि 'किती लिटर पाणी काढणार?' हा प्रश्न जरूर विचारा. अंगात पाणी जास्त नसेल तर एक थेंबही काढायची गरज नसते. मशीनवर बीपी पडलं की सावरणारी किडनी पुन्हा मार खाते, म्हणून बीपी आधीच कमी असेल तर सावकाश, सहा-आठ तासांची पाळी करतात. डाव्या हाताच्या शिरांना सुया टोचू नका असंही सांगून ठेवा. पुढे कधी गरज पडलीच तर त्या शिरा लागतात.

मुंबईला हलवायचं का? हॉस्पिटलचं नाव मोठं आहे का हे बघू नका. तिथे किडनीतज्ज्ञ रोज बघतात का, रात्री दोन वाजता डायलिसिस होतं का, पोटॅशियम आणि एबीजीचा रिपोर्ट तासाभरात मिळतो का आणि आयसीयू आहे का, एवढं बघा. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, कामोठे या पट्ट्यात हे चारही मिळतं, त्यासाठी मुंबईपर्यंत जायची गरज नाही. सध्याच्या ठिकाणी यातलं काही नसेल तर हलवा, पण पोटॅशियमवर उपचार झाल्याशिवाय नाही. ६.५ पोटॅशियम असलेला माणूस पावसात घोडबंदरच्या किंवा कळवा नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर मॉनिटरशिवाय ठेवणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. पलीकडे बेड पक्का झाल्यावर, मॉनिटर आणि डॉक्टर असलेल्या ॲम्ब्युलन्सने, शेवटचा ईसीजी आणि औषधांचा चार्ट सोबत घेऊन निघा. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, पहिल्याच दिवशी भेटा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात तसं स्पष्ट मागा, मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

सावरणं कसं दिसेल? आधी लघवी वाढते, ४०० ची ८००, मग दीड लिटर. क्रिएटिनिन तेव्हाही चढत असेल, निराश होऊ नका. मग ते दोन दिवस अडकतं आणि उतरतं. काहींना या टप्प्यात दिवसाला तीन-चार लिटर लघवी होते. तेव्हा पाणी तोडून चालत नाही, आणि पोटॅशियम आता उलट खाली घसरतं, म्हणजे शहाळ्यावरची बंदीही उठते. नळ्यांच्या इजेला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, कधी सहा. तीन-चार आठवड्यांत काहीच हालचाल नाही, किंवा अंगावर पुरळ आलं, किंवा लघवीत प्रथिनं भरपूर जातायत, तर बायोप्सीचा विषय काढा. वेदनाशामकांनी आणि पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही किडनीला ॲलर्जीसारखी सूज येते, आणि तिला स्टेरॉइड वेळेत दिलं तरच उपयोग होतो.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी, आणि तिसऱ्या वेळी लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तरही. तोवर जो आकडा स्थिर झाला तो त्यांचा नवा पाया. टेल्मिसार्टन कायमचं बंद करू नका. मधुमेहाच्या किडनीला ते एरवी वाचवतं. क्रिएटिनिन स्थिर झालं, पोटॅशियम ५ च्या खाली आलं की डॉक्टर ते छोट्या डोसने परत देतील आणि एक-दोन आठवड्यांत रक्त तपासतील. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली नको, ३० ते ४५ मध्ये निम्म्या डोसने. डायक्लोफेनॅक मात्र कायमचं बंद, आणि त्याची भावंडंही: ॲसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक. ती पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत दडलेली असतात, म्हणून स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल. आणि पुढे कधी उलट्या-जुलाब झाले तर त्या दिवसापुरती टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि नाव 'ग्लिफ्लोझिन'ने संपणारी शुगरची गोळी थांबवायची, खाणंपिणं पूर्ववत होऊन एक-दोन दिवस गेले की पुन्हा सुरू. हे आत्ताच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि औषधांच्या डब्यात ठेवा.

उद्या पुन्हा लिहिणार असाल तर एवढं कळवा: सकाळी सहा ते सकाळी सहाची लघवी, वजन, पोटॅशियम, एबीजीतला पीएच, लघवीचा सूक्ष्मदर्शकाचा रिपोर्ट आणि ताप उतरला का. त्यावरून पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.